दिवाळीच्या सुटीतील सोबत

वडूजहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: घर बारा-तेरा माणसांचे, सासूसासरे, दोन दीर, जावा, मुले. थोरल्या जाऊबाईंचे यजमान श्रावणात वारले. त्यामुळे यंदा घरात सण नाही. कढई चढणार नाही, फराळाचे ताट सोयरेधायरे आणून देतील. तथापि पुण्यामुंबईची मंडळी सुटीनिमित्त येणारच आहेत. जाऊबाई कोणाशी फारसे बोलत नाहीत. दुपारी फडताळातून जुने क्रोशाचे काम काढतात, दोन ओळी विणतात आणि पुन्हा ठेवून देतात. असे काम करणाऱ्या बायकांची फोनवर मोठमोठी मंडळे असतात, हे पुतणीने सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडी उत्सुकता दिसली. सासूबाईंचे म्हणणे मात्र असे, की घरात इतकी माणसे असताना परक्यांत मन रमविण्याचे कारण काय? आणि तेही ह्या वर्षी? पत्रलेखिका विचारतात, ह्यात कोणाचे खरे मानावे?

सासूबाईंच्या बोलण्यात रोष दिसला तरी त्याच्या मुळाशी त्यांचेही दुःख आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचा मुलगा गेला आहे. परंतु ‘घरात इतकी माणसे’ हे त्या ज्याला उत्तर समजतात, तीच खरी अडचण आहे असे आम्हांस वाटते. खटाव तालुका पर्जन्यछायेतला. पोटासाठी बाहेर पडण्याची तिकडची रीत जुनी आहे. कोणी मुंबईस गेले, कोणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त दूरदूरच्या प्रांतांत स्थायिक झाले. वर्षभर येरळेकाठी मिटून असलेली घरे सुटीत एकदम भरतात. अशा भरल्या घरात प्रत्येकाचे स्थान नात्याने ठरलेले असते, आणि जाऊबाईंचे स्थान ज्या नात्याने ठरले होते तेच तुटले आहे. त्या ओटीवर आल्या की बोलणाऱ्यांचा आवाज खाली येतो. पाहुणी आलेली प्रत्येक बाई त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसते, डोळे पुसते आणि कर्तव्य झाले म्हणून उठते. ह्यात कोणाचाही दोष नाही. पण अष्टौप्रहर केवळ आपल्या दुःखाच्या नावाने ओळखले जाणे, हा भार फार मोठा आहे. जेथे ही बाई कोणाची कोण हे कोणास ठाऊक नाही, रुमालाचा कोपरा तिला चांगला वळविता येतो एवढेच ठाऊक आहे, अशी एक जागा तिला हवी असेल तर ती हवीच आहे असे समजावे.

परक्यांत जाण्याविषयीचा आक्षेप आपल्या समाजात नवा नाही. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हा रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या आणि घरातील वडील बायकांना ते मुळीच रुचले नाही. त्यांनी सोसलेले बोल त्यांच्या आठवणींत वाचावयास मिळतात. त्याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे केले, आणि घरोघरच्या स्त्रिया शिवणटिपण व लिहिणेवाचणे शिकण्यास तेथे जाऊ लागल्या.

ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नव्हते त्यांची सोय टपालाने केली. १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू केले. किर्लोस्करवाडी त्या काळी औंध संस्थानात होती. म्हणजे वडूजच्या माणसाला ते नाव परके नव्हे. महिन्यातून एकदा येणाऱ्या त्या अंकातून कोठल्या तरी गावची, कधीही न पाहिलेली बाई आपल्या मनातलेच लिहिते आहे, असा अनुभव कित्येकींनी माजघरात बसून घेतला. तीही परक्यांची सोबतच होती. फरक एवढाच, की तेव्हा उत्तर यावयास महिना लागे, आज घटकाही लागत नाही. ह्या घाईत लाभ आहे तसे धोकेही आहेत. त्यांच्याकडे पुढे वळूच.

क्रोशाचेच उदाहरण घेऊ. चेन्नईच्या सुबश्री नटराजन ह्यांनी फेसबुकवर क्रोशा विणणाऱ्या स्त्रियांचे एक मंडळ जमविले. एकमेकींना न पाहिलेल्या बायकांनी आपापल्या घरी चौकोन विणले, ते एकत्र जोडले, आणि २०१६ च्या जानेवारीत चेन्नई येथे ११ हजार चौरस मीटरांहून मोठे पांघरूण जमिनीवर पसरले. जागतिक विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. पुढे त्याची लहान पांघरुणे करून ती गरजूंना वाटण्यात आली. आम्हांस त्या विक्रमाचे तितके अप्रूप नाही. ज्या बाईने आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून दहाच चौकोन विणले, तिचे दहा चौकोन त्यात होते, हे मात्र मोलाचे वाटते.

अशी मंडळे मराठीतही पुष्कळ आहेत. अडचण आहे ती निवडण्याची. मंडळ किती मोठे आहे ह्यावर जाऊ नये. आठवडाभर नुसते वाचीत बसावे. पंगतीत बसण्यापूर्वी वाढप कसे चालले आहे हे पाहावे, तसे. मुख्यतः पाहावे ते हे, की एखाद्या नवख्या बाईने अगदी बाळबोध प्रश्न विचारला, म्हणजे साखळी घट्ट येते, काय करू, असे काही, तर तिला उत्तर कसे मिळते. कोणी आपल्या हाताचे छायाचित्र काढून सुई कशी धरावी हे दाखविले, तर ते घर आपले समजावे. ‘हे इतके साधे येत नाही?’ असे उत्तर आले आणि त्यावर चार जणी हसल्या, तर तेथून मुकाट्याने बाहेर पडावे. जेथे दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी सूत, साड्या किंवा शिकवणीवर्ग विकीत असते ते मंडळ नव्हे, बाजार आहे. बाजारातही जावे, पण सूत घेण्यापुरते. शिवाय मंडळ चालविणारी कोणी जबाबदार व्यक्ती आहे की नाही, आणि ती भांडणात वेळीच मध्ये पडते की नाही, हेही दोन-चार दिवसांत कळून येते. सकाळच्या फुलांच्या चित्रांनी आणि सुविचारांनीच जेथे दिवस संपतो, अशा मंडळाविषयी काही न लिहिणेच बरे. ती तर आपल्या नातलगांचीही असतात.

आता धोक्यांविषयी. आपण वैधव्याच्या पहिल्या वर्षात आहोत, घरात विम्याचे पैसे आले आहेत, मुलगा परगावी असतो, असल्या गोष्टी विणकामाच्या मंडळात लिहू नयेत. ते वाचणाऱ्या शंभर जणींत एखादा लबाड पुरुष बाईच्या नावाने बसलेला असू शकतो. कोणी खाजगीत गोड बोलू लागले आणि तिसऱ्याच दिवशी आजारपणासाठी पैसे मागितले, अथवा फोनवर आलेला गुप्त आकडा विचारला, तर काहीही उत्तर न देता ते घरातील जाणत्या माणसास दाखवावे. आणि त्या माणसानेही ‘तरी सांगत होतो’ असे म्हणू नये. ह्या एका वाक्याच्या भीतीने कित्येक बायका फसवणूक लपवितात आणि पुन्हा फसतात. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ‘स्त्री’ मासिकाच्या जन्मसालाचाच हा आकडा, त्यामुळे आमच्या वयाच्या वाचकांना तो लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

आणखी एक भेद ओळखला पाहिजे. छंदाचे मंडळ मन गुंतविते. ते दुःखावरचे औषध नव्हे, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे त्या मंडळावरही अन्याय आहे. रात्रीमागून रात्री झोप नाही, अन्न नकोसे झाले, जगण्यात अर्थ नाही असे उद्गार तोंडून निघू लागले, तर सुतात आणि सुईत वेळ घालवू नये; डॉक्टरांस दाखवावे. सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. सणाच्या दिवसांत नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असतात, म्हणून हा क्रमांक आधीच लिहून ठेवणे बरे. असा फोन करणे म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणे, ही समजूत आता तरी सोडून द्यावी.

फोनवरील सोबत कितीही चांगली असली तरी तिला डोळ्यांना दिसणाऱ्या सोबतीची जोड असावी, असे आमचे मत आहे, आणि त्या बाबतीत वडूजकर भाग्यवान आहेत. जवळच औंधास अंतूबुवा जोशी ह्यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी ह्यांच्या स्मरणार्थ १९४० साली संगीतोत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी ह्यांनी तो जोपासला. आश्विन वद्य पंचमीस, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, तेथे मोठमोठे गवई गातात. उत्सवाचा जन्मच एका गेलेल्या माणसाच्या आठवणीतून झालेला आहे. तेव्हा ‘यंदा सण नाही’ ह्या नियमात औंधचे गाणे बसत नाही असे कोणी म्हणू नये. गाणे ऐकण्यासाठी आकाशकंदील लावावा लागत नाही.

हे सर्व घडावयाचे तर घरातील माणसांनी थोडी तोशीस सोसली पाहिजे. पाहुण्यांच्या गर्दीत दुपारचा चहा, भांडी, उद्याची भाजी निवडणे ही कामे न सांगता थोरल्या जाऊबाईंच्या अंगावर येतात, कारण त्या ‘रिकाम्या’ आहेत. दुपारचे दोन तास त्यांचे, असे सासूबाईंनीच एकदा सर्वांसमक्ष सांगावे. धाकट्या सुनेने सांगितल्यास त्याचा वेगळाच अर्थ निघेल. पुतणीने फोनवरील अक्षरे मोठी करून द्यावीत, मंडळात नाव घालून द्यावे, आणि मग उठून जावे. काकूंच्या खांद्यावरून वाचीत बसू नये.

आणि एके सकाळी मुले मायणीच्या तलावावर किंवा येरळवाडीच्या धरणावर पक्षी पाहावयास जाणार असतील, तर त्यांनी काकूंनाही बरोबर न्यावे. पक्षी पाहणाऱ्यांची मंडळेही फोनवर आहेत, आणि अनोळखी पक्ष्याचे छायाचित्र पाठविले की नाव सांगणारे कोणीतरी भेटतेच. पण पाण्याच्या कडेला बसल्यावर बोलायचे नसते. माणसांचा आवाज झाला की पक्षी उडतात. सांत्वनाचे शब्द ऐकून दमलेल्या बाईला इतक्या माणसांत बसून कोणी काही न बोलण्याची ही सवलत दुसरीकडे सहसा मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास थंडीचे पाहुणे नुकते येऊ लागलेले असतात. रोहित पक्ष्यांसाठी मात्र आणखी काही आठवडे थांबावे लागते, आणि तोवर मुलांची सुटी संपलेली असते. ते पाहून मुलांना कळविण्याचे काम काकूंकडे द्यावे.