लेवीय १३ वाचला, १४ राहून गेला

चांदूर रेल्वेहून मुंबई–हावडा लोहमार्गाने पूर्वेस निघावे, तर वर्ध्याजवळ मनोहर दिवाण यांनी १९३६ साली उभारलेले दत्तपूरचे कुष्ठधाम आहे (धामणगावलगतचे दत्तापूर ते वेगळे). पश्चिमेस बडनेऱ्यावरून अमरावती गाठावी, तर डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे १९४६ चे तपोवन. आणि तेथून उत्तरेस, परतवाड्याजवळ, ख्रिस्ती मिशनचे कोठारा येथील कुष्ठरुग्णालय.

यांपैकी कोठाऱ्यामागे बायबलची एक जुनी आज्ञा उभी आहे. लेवीय ग्रंथाचा १३ वा अध्याय सांगतो की, अंगावर विशिष्ट चट्टे उमटलेल्या माणसाने वस्त्रे फाडावीत, ओठ झाकावा, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे.

मूळ हिब्रू शब्द ‘त्साराअत’. मराठी बायबलात त्यासाठी ‘महारोग’, ‘कुष्ठरोग’ असे शब्द आले आणि घोटाळा झाला. त्साराअत कापडालाही होतो, घराच्या भिंतीलाही होतो. हान्सेनने १८७३ साली ज्याचा जंतू शोधला तो रोग भिंतीला होत नाही. शिवाय सर्वांग पांढरे पडले, तर याजक त्या माणसाला चक्क शुद्ध ठरवतो! हा संसर्गाचा विचार नव्हे आणि पापाचा निवाडाही नव्हे. पवित्रस्थानाजवळ कोणी केव्हा यावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

लगेच १४ वा अध्याय येतो, तो परतीचा. दोन पक्षी आणावेत, त्यांतील एक मोकळ्या रानात सोडावा. सात दिवसांनंतर, आठव्या दिवशी त्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, हाताच्या व पायाच्या अंगठ्याला रक्त लावावे. याजकाच्या दीक्षेतही रक्त नेमके याच तीन ठिकाणी लावतात. बाहेर काढलेला माणूस जणू याजकाच्या मानाने आत येतो. गरिबासाठी स्वस्त अर्पणाची सोयही आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात येशू अशा माणसाला स्पर्श करतो आणि याजकाकडे धाडतो, म्हणजे १४ व्या अध्यायाकडे. त्यानंतर मात्र येशूलाच गावाबाहेर, एकांतात राहावे लागते. दोघांच्या जागा बदलतात.

ख्रिस्ती सेवेने या स्पर्शाचे अनुकरण केले, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. वेलस्ली बेलीने १८७४ साली कुष्ठरुग्णांसाठी मिशन स्थापिले, तेव्हा या देशात त्यांना जवळ करणारे हात विरळाच होते. पण या मिशनच्या आश्रमांत स्त्री-पुरुष वेगळे ठेवले जात, मुले आईबापांपासून दूर केली जात. १८९८ च्या कायद्याने तर निराधार रुग्णाला पकडून आश्रमात डांबता येई. बाहेर नेण्याची व्यवस्था चोख होती. बऱ्या झालेल्यांना घरी आणण्याचा विधी कोणीच रचला नाही, आणि रोग गेल्यावरही कित्येक जण आश्रमातच म्हातारे झाले.

पावित्र्य म्हणजे अंतर राखणे, ही समजूत कायद्यातही उतरली. बहुविध औषधोपचाराने १९८० च्या दशकापासून हा रोग पूर्ण बरा होऊ लागला होता. तरीही २००१ साली भारतीय ख्रिस्ती विवाहांच्या घटस्फोट कायद्यात ‘असाध्य’ कुष्ठरोग हे कारण दाखल झाले. हिंदू विवाह कायद्यात ते आधीपासून होतेच. लेवीय ग्रंथात अशा रुग्णाच्या घटस्फोटाचा उल्लेखही नाही. संसदेने २०१९ मध्ये ते कारण दोन्ही कायद्यांतून वगळले.