तळ सरकारी, रॉकेट खाजगी. मग आपली जागा कुठे?



रविवारच्या वंदनेनंतर कळव्यातल्या आमच्या विहारात पोरं थोडा वेळ थांबतात. बहुतेक पूर्वेकडची, पारसिकच्या डोंगरावर चढत गेलेल्या भास्करनगर, वाघोबानगर, घोलाईनगरची. कुणी आयटीआयला फिटर, कुणी डिप्लोमाला, कुणी बीएस्सीला. मागे एकाने मोबाइल पुढे धरला. ऑक्टोबर २०२४ चा व्हिडिओ होता. स्पेसएक्सचं भलंमोठं रॉकेट खाली परत येतं आणि मनोऱ्याचे दोन हात त्याला अलगद पकडतात. मीही बघतच राहिलो. मग तो म्हणाला, "बघा दादा, ही प्रायव्हेटची कमाल. सरकारी असतं तर पन्नास वर्षं लागली असती."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यातले निम्मे शिष्यवृत्तीवर शिकतात. म्हणजे सरकारी म्हणजे टाकाऊ आणि खाजगी म्हणजे गुणवत्ता, हे ज्या वर्गाने आपल्याविरुद्ध तीस वर्षं घोकलं, ते आता आपलीच पोरं आपल्याच विहारात बसून बोलू लागली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हे स्पष्ट करतो की मी रॉकेटच्या विरोधात नाही. "चंद्रावर पोचलात, पण गटारात माणूस उतरतोच आहे" अशा पोस्ट मीही टाकल्या आहेत. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. त्याच्या दहाच दिवस आधी आपल्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले होते. ज्यांच्या घरातलं माणूस तिथे गेलं, त्यांना पेढे गोड लागले नसतील. तो राग खरा आहे. पण त्या रागावर थांबलो तर आपण एवढंच म्हणतो की रॉकेट त्यांचं आणि गटार आमचं. ही वाटणी मला मान्य नाही.

बाबासाहेबांनाही ती मान्य नव्हती. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना, १९४२ मध्ये, त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. हे शिक्षण महाग आहे, आपल्या लोकांना ते स्वतःच्या खिशातून झेपणार नाही, म्हणून सरकारने खर्च केला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. आपला माणूस प्रयोगशाळेत पोचायला हवा आणि त्याचा रस्ता सरकारी तिजोरीतून जातो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आता "प्रायव्हेटची कमाल" तपासू.

स्पेसएक्सला डिसेंबर २००८ मध्ये नासाने अवकाश स्थानकापर्यंत सामान पोचवण्याच्या १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. तो पैसा अमेरिकन करदात्यांचा होता. अपोलो-११ ज्या ३९-ए तळावरून चंद्राकडे गेलं, तोच सरकारी तळ २०१४ मध्ये या कंपनीला २० वर्षांच्या भाडेकरारावर मिळाला. इंजिनिअरांची हुशारी कुणी नाकारत नाही. पण पाया कुणी घातला होता?

आपल्याकडेही तेच. १८ नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूट कंपनीचं 'विक्रम-एस' उडालं, साधारण ८९.५ किलोमीटर उंचीपर्यंत गेलं. ते उडालं इस्रोच्या श्रीहरिकोटा तळावरून. कंपनीचे संस्थापक आयआयटीत शिकलेले, इस्रोत काम केलेले. ३० मे २०२४ ला अग्निकुलचं 'अग्निबाण' उडालं. ही कंपनी आयआयटी मद्रासच्या आधाराने उभी राहिली. तिचा तळ स्वतःचा, पण तोही इस्रोच्याच आवारात. ज्या श्रीहरिकोटा बेटावरून यानादी आदिवासींना हलवून हे केंद्र उभं राहिलं, ते बेट तर कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. खाजगी कंपन्यांना वाट करून देण्यासाठी सरकारने २०२० मध्ये इन-स्पेस ही संस्था काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अवकाश क्षेत्रातल्या स्टार्टअपसाठी १,००० कोटींचा निधी मंजूर केला.

म्हणजे शिक्षण सरकारी, अनुभव सरकारी, तळ सरकारी, भांडवलही काही प्रमाणात सरकारी. नफा आणि नोकरी देण्याचा अधिकार मात्र खाजगी. आपला प्रश्न इथून सुरू होतो.

संविधानाच्या कलम १६(४) मधलं आरक्षण राज्यसंस्थेच्या नोकऱ्यांसाठी आहे. इस्रो आयटीआयवाल्यांसाठी तंत्रज्ञ पदांची जाहिरात काढते, तेव्हा त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या जागा छापलेल्या असतात. भास्करनगरचा फिटर ती जाहिरात वाचून अर्ज करू शकतो. इस्रो म्हणजे समतेचं नंदनवन आहे असं मी म्हणत नाही. संशोधनाच्या वरच्या वैज्ञानिक पदांना आरक्षणातून वगळण्याची पळवाट केंद्राच्या नियमांत जुनीच आहे. पण तिथे निदान दार आहे, दारावर पाटी आहे, आणि जागा भरली नाही तर माहिती अधिकारात विचारता येतं. तेच काम खाजगी कंपनीकडे गेलं की जाहिरात, बिंदुनामावली आणि माहिती अधिकार, तिन्ही गेलं. उरते ओळख. ओळख कुणाची कुणाशी असते, हे कळव्याच्या पोरांना सांगायला नको.

यातलं आपल्याला काही नवीनही नाही. कळवा-दिघा-ऐरोलीच्या कारखान्यांत आपल्या बापांनी कायम कामगाराचा कंत्राटी कामगार होताना पाहिलं आहे. काम तेच राहिलं, फक्त हक्क गेला.

"पण रॉकेटला गुणवत्ता लागते," असं लगेच ऐकू येईल. लागतेच. कळव्याहून स्लो लोकलने सहावं स्टेशन विक्रोळी. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी विकास इंजिनं बनतात. इंजिन बनतं ते वेल्डर, टर्नर, फिटरच्या हातांनी. हे कौशल्य आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. गुणवत्ता कमी आहे म्हणून आपण बाहेर नाही. गुणवत्ता मोजणारे ठरावीक घरांतलेच असतात, म्हणून बाहेर आहोत.

"खाजगी कंपनीवर अट घालता येत नाही," हेही खोटं. अमेरिकेत १९६५ पासून सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांवर कृष्णवर्णीयांना समान संधी देण्यासाठी ठोस पावलं उचलण्याचं बंधन होतं. ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला, पण साठ वर्षं तो चालला आणि त्याच काळात अमेरिका चंद्रावर गेली. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्याने सवलतीची सरकारी जमीन किंवा आर्थिक सवलत घेणाऱ्या उद्योगांनाही व्याख्येत घेतलं आहे. ते कागदावरच राहिलं, कारण आपण रेटा लावला नाही. आणि १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याचं कलम ३-अ तर खाजगी मालकालाही प्रशिक्षणाच्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखायला सांगतं. आपल्यापैकी किती जणांनी हे कलम वाचलं आहे?

म्हणून मागण्या साध्या आहेत. जी कंपनी सरकारी तळ, सरकारी चाचणी केंद्र किंवा सरकारी निधी वापरते, तिने आपल्या कर्मचाऱ्यांचा सामाजिक तपशील दरवर्षी जाहीर करावा. इन-स्पेसने परवानगी देतानाच नोकरी आणि ॲप्रेंटिसशिपमधल्या प्रतिनिधित्वाची अट घालावी. आणि सरकारी सुविधांच्या बदल्यात या कंपन्यांकडून मिळणाऱ्या पैशातला वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या विज्ञान शिष्यवृत्त्यांना जावा. १९४२ ची मागणी अजून पुरी झालेली नाही.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे हवेत असं मांडलं. सरकारवर त्यांचा आंधळा विश्वास होता असं नाही. सरकारला मताने आणि संविधानाने जाब विचारता येतो, मालकाला विचारता येत नाही, हे ते जाणून होते.

विहारातल्या त्या पोराला मी व्हिडिओ बघू नको असं सांगितलं नाही. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विभागाची संस्था आहे, तिथे राखीव जागा आहेत, हे बीएस्सीवाल्याच्या धाकट्या बहिणीसाठी लिहून दिलं. फिटरला कलम ३-अ छापून दिलं. पुढच्या रविवारी त्यावरच बसणार आहोत. तुमच्या वस्तीतही बसा.

रॉकेट उडताना टाळी जरूर वाजवा. पण टाळी वाजवणारा प्रेक्षक असतो, आणि बाबासाहेबांनी आपल्याला प्रेक्षक व्हायला शिकवलं नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!