घरचे सोबती : कासवाचीं नखें

गेल्या महिन्यांत लोणी देवकरहून एका भगिनीचें पत्र आलें. पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील हें इंदापूर तालुक्यांतलें गांव. त्यांच्या धाकट्या दिरानें चार वर्षांपूर्वीं पुण्याहून रुपयाएवढें कासव आणलें, तें आतां तळहाताएवढें झालें आहे. त्याचे पाय पडदेदार, मानेवर पिवळे पट्टे आणि डोळ्यामागें तांबडा डाग आहे. पुढच्या पायांचीं नखें मात्र इतकीं लांबलीं आहेत कीं, तें फरशीवरून चालूं लागलें म्हणजे टकटक आवाज होतो. सासूबाईंचा आग्रह, येत्या रविवारीं नखें कापून टाकावीं. मुलांचा त्याला रडून विरोध. भगिनींना टपालानें तेव्हांच 'थांबा' म्हणून कळविलें. अशीं कासवें आज पुष्कळ घरीं असल्यामुळें तेंच येथें विस्तारानें देत आहों.

थांबा म्हणण्याचें कारण अनुभवाचें आहे. आमच्या घरीं हा प्रयोग एकदां होऊन गेला. मुलांचीं नखें कापतों त्याच कापणीनें आम्ही कासवाचें एक नख चेपलें. तें तुटलें नाहीं, चिरलें. आणि लगेच रक्त आलें. कासव जें कवचांत शिरलें तें दोन दिवस अन्नाला शिवलें नाहीं. नख म्हणजे निर्जीव वस्तु, ही आमची समजूत. कासवाच्या नखाचें बाहेरचें आवरण आपल्या नखासारखेंच कठीण द्रव्याचें असतें खरें, परंतु त्याच्या आंत मुळापासून बरेंच पुढेंपर्यंत जिवंत मांस, रक्तवाहिनी व मज्जातंतु असतात. फिकट नखांत हा गाभा तांबूस दिसतो. काळ्या नखांत तो दिसतच नाहीं.

भगिनींच्या वर्णनावरून त्यांचें कासव मूळचें अमेरिकेचें, तांबड्या कानाचें पाणकासव ठरतें. त्याच्या पुढच्या पायाला पांच नखें असतात. आपल्या नद्यातळ्यांतल्या मऊ पाठीच्या कासवाला दर पायास तीनच. कोणाच्या घरीं असें तीन नखांचें, किंवा पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलें जमिनीवरचें कासव असेल, तर नखांचा विचार राहूं द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें घरीं ठेवतां येत नाहीं. वनखात्यास 1926 या क्रमांकावर कळवावें.

आतां लांब नखांविषयीं. या जातीच्या नराचीं पुढचीं नखें स्वभावतःच लांब असतात. मादीसमोर पोहत जाऊन तो तीं तिच्या तोंडापुढें थरथरवितो. हीच त्याची मागणी घालण्याची रीत. मादीचीं पुढचीं नखें आंखूड. पण मागच्या पायांच्या नखांनीं ती माती उकरून अंडीं घालते. शेंपूट लांब व जाड असेल तर तो नर समजावा. लोणी देवकरचें कासव बहुधा नरच आहे. त्याला कांहीं झालेलें नसून तो वयांत आला आहे, एवढेंच सासूबाईंस सांगावें!

खरी तक्रार तेव्हां, जेव्हां नख बाजूला वळतें, कशांत तरी अडकतें किंवा पाऊल सरळ टेकूं देत नाहीं. यांत दोष बहुधा घराचा असतो. रानांत दगडमातीवर नख वाढतें तसें झिजतें. आपल्या घरीं कांचेची पेटी आणि गुळगुळीत फरशी. उपाय कात्रीचा नसून दगडाचा आहे. माळ्यावर पडलेला जुना पाटा असेल तर त्याला टांकी लावून घ्यावी, धारदार कंगोरे घासून काढावे आणि पाण्यांतून चढतां येईल असा तिरपा ठेवावा. कासव त्यावर ऊन खाण्यास चढेल आणि चढतां-उतरतां नखें आपोआप झिजतील. ऊन प्रत्यक्ष मिळावें. हाडांना व कवचाला लागणारे किरण कांचेंतून येत नाहींत. एका बाजूस सांवली मात्र हवीच, नाहींतर उन्हाळ्यांत जीव जाईल. कित्येक घरीं कासवाला वरणभात घालतात. त्यानें पोट भरतें, कवच भरत नाहीं. मोठ्या कासवाला पाणवनस्पति व पालेभाज्या भरपूर आणि जोडीला कासवांचें तयार खाद्य बेतानें द्यावें. पाण्यांत समुद्रफेनाचा तुकडा टाकून ठेवावा.

एवढें करूनही नख वळलेंच, तर जनावरांच्या डॉक्टरांकडून फक्त टोंक काढवावें. अपघातानें नख तुटून रक्त आलेंच, तर स्वच्छ कापडावर मक्याचें पीठ घेऊन तें दाबून धरावें आणि रक्त पुरतें थांबून कांहीं तास जाईपर्यंत कासव पाण्यांत सोडूं नये. हात साबणानें धुवावे. पेटी स्वयंपाकघराच्या मोरींत कधींही विसळूं नये. कासवाच्या अंगावर सालमोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. लहान मुलांना त्यांची बाधा होते म्हणूनच अमेरिकेंत चार इंचांहून लहान कासवें विकण्यास 1975 सालीं बंदी झाली.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं विचारलें आहे कीं, नखें कापणें जमत नसेल तर कासव उजनीच्या पाण्यांत सोडून द्यावें काय? सोडूं नये. हें परदेशी कासव आपल्या कासवांचें अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावतें. घरीं ठेवणें अशक्यच झालें तर आधीं वनखात्याला विचारावें. तोंवर पाटा तेवढा टांकवून घ्यावा.