भाड्याची खोली आणि आपली कागदपत्रे



बारावीचा निकाल लागला की करडी आणि आजूबाजूच्या गावांतली मुले शिकायला भंडारा, नागपूरकडे निघतात. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही तर किरायाची खोली शोधणे आलेच. खोली पसंत पडली, भाडे ठरले, की घरमालक म्हणतात, "आधारची झेरॉक्स, टी.सी., दोन फोटो द्या. नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या." आणि आपण काही न विचारता देऊन टाकतो.

घरमालकांची बाजूही खरी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यावी लागते. घरात राहणारा कोण, कुठला, हे त्यांना कळलेच पाहिजे.

पण त्यासाठी टी.सी. कशाला? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, आईचे नाव, धर्म, जात, सगळेच असते. तो दाखला पुढच्या प्रवेशासाठी आहे, खोलीसाठी नाही. जात वाचून खोली नाकारली तर कारण कोणी तोंडावर सांगत नाही. "खोली आधीच दिली हो," एवढेच ऐकू येते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ओळख पटवण्यापुरता कागद द्यावा, त्यापेक्षा जास्त देऊ नये.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे की, ज्या कामासाठी माहिती हवी तेवढीच घ्यावी. हा अधिकार फक्त नागरिकशास्त्राच्या पेपरापुरता नाही.

मग काय करायचे?

१) यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' काढा. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

२) झेरॉक्सवर आडवे लिहा: "फक्त खोली भाड्याने घेण्यासाठी", खाली तारीख आणि सही. मग तोच कागद दुसऱ्या कामाला वापरणे अवघड जाते.

३) टी.सी., जातीचा दाखला, बँक पासबुक मागितले तर नम्रपणे विचारा, "काका, हे कशासाठी लागते?"

४) दलालाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका. खोली पक्की झाल्यावर कागद घरमालकाच्याच हातात द्या.

५) खोली सोडताना झेरॉक्स परत मागा.

नवीन गावात, खोलीची गरज असताना एकट्या मुलाला हे बोलणे जड जाते, हे मान्य. म्हणून पालकांनी सोबत जावे आणि त्यांनीच विचारावे. आपण शाळेत मुलांना अर्जलेखन शिकवतो, तसेच कोणता कागद कोणाला द्यायचा हेही एका तासिकेत शिकवू या. आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांना एक विनंती: मुलांचे कागद आपल्या घरच्या कागदांसारखेच जपून ठेवा.

आपले मत अवश्य कळवा.