नगरचा समुद्र, भाड्याची सायकल

सावेडीतल्या कुठल्याही ऑफिसात शुक्रवारी दुपारी चार वाजता जाऊन विचारा, "वीकेंडला काय?" उत्तर ठरलेलं. "बघू, ग्रुपवर टाकलंय." मग ग्रुपवर पोल निघतो. समुद्र की डोंगर? समुद्र जिंकतो. मग कोणता समुद्र, कुणाची गाडी, कोण व्हेज, कुणाला एसीशिवाय झोप येत नाही... रविवार उजाडतो तरी चर्चा चालूच. शेवटी सगळे प्रोफेसर कॉलनी चौकात भेटतात आणि पाणीपुरी खाऊन घरी जातात. समुद्र राहतो तिथंच, अडीचशेहून जास्त किलोमीटरवर.

बरं, ट्रिप झालीच तरी काय होतं? सात जण, एक गाडी, एक स्पीकर. बीचवर दोन तास, त्यातला दीड तास फोटो. वाटेत एखादी जुनी कमान दिसते, कुणीतरी म्हणतं "काय होतं रे हे?", पण तोवर गाडी पुढे गेलेली असते.

आपल्या पिढीची गंमतच आहे, मंडळी. ऑफिसात आपण एकट्याच्या हिमतीवर क्लायंटला शब्द देतो, टीम सांभाळतो. पण नोकरी बदलायची तर समिती, फ्लॅट घ्यायचा तर समिती, स्थळ बघायचं तर महासमिती! आणि आता सुट्टीलाही समिती. म्हणून माझा साधा फंडा सांगते. वर्षातून एक वीकेंड असा काढा, ज्यात थांबायचं कुठं आणि वळायचं कुठं हे फक्त तुम्ही ठरवाल. त्यासाठी भाड्याच्या सायकलसारखं वाहन नाही. सीट एकच असते, त्यामुळे मतदानाचा प्रश्नच येत नाही.

समुद्र आपलाच की!

कुठं जायचं? गोवा, पाँडिचेरी आहेतच. पण नगरकरांनी पहिल्यांदा जावं ते अलिबागला, आणि तिथून सायकलनं चौल-रेवदंड्याला. कारण ऐकाल तर चकित व्हाल. नगरला एकेकाळी स्वतःचा समुद्र होता!

आपलं शहर २०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं. पण १४९०मध्ये मलिक अहमदनं इथं निजामशाही उभी केली, तेव्हा घाटाखालचं चौल हे त्या राज्याचं मोठं बंदर बनलं. बंदर त्याच्याही खूप आधीचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लिखाणात त्याचा उल्लेख सापडतो. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथंच उतरला, विकायला एक घोडा घेऊन. मग घाट चढून जुन्नरला गेला. बघा, कोकण ते घाटमाथा हा सोलो ट्रॅव्हलर आपल्या कितीतरी आधी करून गेला, आणि तोही पोल न टाकता! रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

चाँदबिबी आपल्याला शाळेपासून पाठ. ज्याला आपण चाँदबिबी महाल म्हणतो आणि पावसाळ्यात भजी खायला जातो, ती खरं तर मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर. पण या मुर्तझानं समुद्रकाठी काय केलं, हे सावेडीत किती जणांना ठाऊक आहे? सांगते, पण सायकलवरून. आधी सायकल तर मिळवू.

"कोण कोण आहे?"

प्लॅन सांगितला तेव्हा आईचा पहिला प्रश्न हाच.

"मी."

"आणि?"

"सायकल."

मग पाच मिनिटं शांतता. मग "एकटी पोरगी, परकं गाव," मग "स्कूटी तरी घे," आणि शेवटी "लोकेशन पाठवत राहा." बाबा मात्र पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आधी ब्रेक बघ." बाबा नगरात तासावर सायकल घेऊन शिकले. दुकानदाराकडे वहीत वेळ लिहायची, मोठ्यांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून कैची मारायची आणि तास संपायच्या आत धापा टाकत परत यायचं. त्या पिढीनं पहिला एकट्यानं केलेला प्रवास बहुधा असाच केला. आपल्याला अकरावीच्या क्लाससाठी गाडी मिळाली, आणि हा भाग अभ्यासक्रमातूनच गेला.

जगात सायकल वाटून घेण्याचे प्रयोग जुने आहेत. अॅमस्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगवलेल्या सायकली रस्त्यावर सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या. पॅरिसनं २००७मध्ये शहरभर सायकलींची स्टँड उभी केली. पुण्यात २०१७च्या अखेरीस अॅपवाल्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. समुद्रकाठच्या गावात मात्र अॅप लागत नाही. लॉजवाल्याला किंवा बीचवरच्या टपरीवाल्याला विचारायचं, तो कुणाकडे तरी पाठवतो. मला दुकानदार म्हणाला, "ताई, स्कूटी न्या ना, सायकलनं दमाल." म्हटलं, "दादा, दमायलाच आलेय." हसला, आणि स्वतःच हवा भरून दिली.

अलिबाग : ओहोटीच्या तालावर

तारकपूरहून पुणे आणि पुढे अलिबागची एसटी, असा प्रवास. शुक्रवारी निघालात तर शनिवार सकाळ तुमची.

पहिला दिवस गावासाठी ठेवा. समोर समुद्रात कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये त्याचं काम सुरू केलं. ओहोटीला तिथं चालत जाता येतं, पण वेळ समुद्राची, तुमची नाही! कोकणातला जुना हिशेब असा : तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे, म्हणजे नऊच्या आसपास. अष्टमीच्या सुमारास मात्र पाणी फार मागे हटत नाही. हिशेब आला तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि पाणी वाढायच्या आत परतायचं.

मग गावात सायकल घाला. १७२९मध्ये वारलेल्या कान्होजी आंग्र्यांची समाधी इथंच आहे. त्यांनी बांधलेला हिराकोटही. इथली चुंबकीय वेधशाळा तर भारीच प्रकरण. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला आणलं. इमारतीत लोखंड चालत नाही. सायकल बाहेरच बरी!

इस्रायल आळीतून जाताना वेग कमी करा. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, या पट्ट्यात शतकानुशतकं राहिले. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शनिवारची सुट्टी एचआरकडे न मागता पाळणारे! पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले. सिनेगॉग मात्र अजून उभं आहे.

दहा मिनिटांचा वेढा

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला निघा. रस्ता अरुंद आहे आणि नऊनंतर पर्यटकांच्या मोठ्या गाड्यांची रांग लागते. पाच-सहा किलोमीटरवर आक्षी. इथला शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा. अनेक अभ्यासक तो मराठीतला सर्वांत जुना लेख मानतात. आपण रोज ज्या भाषेत मेसेज टाकतो, तिचं हे हजार वर्षांपूर्वीचं अक्षर. गाडीतून जाणाऱ्याला ते दिसणं कठीण. सायकलवाल्याला एक पाय टेकवला की झालं.

मग नागाव. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, चढ जवळजवळ नाहीच. आणि मग चौल. नगरचं बंदर! आज तिथं जहाज नाही, गर्दी नाही. रामेश्वराचं देऊळ आणि त्यासमोरचं तळं आहे. झाडीत जुन्या हमामखान्याची पडकी वास्तू आहे.

इथून रेवदंडा दोन-तीन किलोमीटर. पोर्तुगीजांना तिथं किल्ला बांधायची परवानगी बुऱ्हाण निजामशहानं दिली, १५२१मध्ये. म्हणजे आपणच! त्याआधी १५०८मध्ये याच बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीजांना हरवलं होतं. त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. तरी तेरा वर्षांत ते इथं पाय रोवून बसले. पुढे ते डोईजड झाले, आणि १५७०-७१मध्ये मुर्तझा निजामशहा प्रचंड फौज घेऊन घाट उतरला. आपली फराहबाग ज्याच्या काळात पुरी झाली, तोच हा. काही महिने वेढा चालला. रेवदंडा पडला नाही, शेवटी तह झाला. चौल आपलं राहिलं, पण समुद्राचं दार दुसऱ्याच्या हातात गेलं. मराठ्यांकडे ते आलं १७४०मध्ये.

निजामशहाच्या फौजेला काही महिन्यांत जमलं नाही, ते अंतर मी दहा मिनिटांत कापलं, भाड्याच्या सायकलवर, घंटी वाजवत. तटाच्या कमानीतून आत शिरले आणि ब्रेक दाबला. आत नारळाची वाडी, वाळत घातलेले कपडे, अभ्यास करत बसलेली दोन मुलं आणि मागे उंच सातखणी मनोरा, पोर्तुगीज चर्चचा उरलेला भाग. तिथं मी तास-दीड तास बसले. कुणी म्हणालं नाही, "चला, उशीर होतोय." कुणी विचारलं नाही, "इथं बघण्यासारखं काय आहे?" खरं सांगू? पहिली पंधरा मिनिटं अवघडल्यासारखं झालं. सारखा हात मोबाइलकडे. मग तो थांबला. बऱ्याच महिन्यांनी मी एका गोष्टीचा विचार शेवटपर्यंत केला, आणि तो कशाचा होता ते या कॉलमात सांगणार नाही. एकटीचा होता!

पायांत दम असेल तर खाडीपूल ओलांडून कोर्लईला जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून बोलली जाते. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. राज्यं गेली, बंदर गेलं, भाषा उरली.

निघण्याआधी

• सायकल घेताना दोन्ही ब्रेक, हवा, चेन आणि सीटची उंची तपासा. शंभर मीटर चालवून मगच पैसे द्या.
• डिपॉझिट किती, परत कधी आणि पंक्चर झालं तर खर्च कुणाचा, हे आधीच बोलून घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स द्या, मूळ कागद नको.
• आदल्या दिवशी सायकलचा फोटो काढून ठेवा, आधीचे ओरखडे दिसतील असा.
• रेवदंडा जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर होतात. सवय नसेल तर आठवडाभर आधी रोज संध्याकाळी भिस्तबाग महालापर्यंत फेरी मारा.
• कोकणातला दमटपणा नगरच्या उन्हापेक्षा वेगळा. दोन बाटल्या पाणी, टोपी, आणि भर पावसाळा टाळा.
• अंधाराआधी परत. घरी एका माणसाला रूट सांगून ठेवा. एकट्यानं जाणं म्हणजे न सांगता जाणं नव्हे.

मुलींनो, तुम्हाला खास सांगते. "एकटीच?" हा प्रश्न वाटेत चार-पाच वेळा येईल. नारळपाणीवाला विचारेल, देवळातल्या आजी विचारतील. प्रत्येक वेळी त्यात संशयच असतो असं नाही. रामेश्वराच्या देवळातल्या आजींनी विचारलं, मी हो म्हटलं, तर म्हणाल्या, "बरं केलंस बाई. आम्हाला कुठं जमलं." आणि पदराच्या गाठीतून दोन सुपाऱ्या काढून हातावर ठेवल्या. तेवढ्यासाठी तरी जायला हवं.

तर पंचांग काढा, तिथी बघा, ओहोटीचा हिशेब मांडा आणि तारीख ठरवा. पोल टाकू नका. गेलात तर जरूर कळवा. पण गेल्यावर हं, आधी नाही!