कॉफीच्या चोथ्याचे इंधन : प्रश्न रसायनाचा नव्हे, वाहतुकीचा

नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या बसगाड्या कॉफीवर धावू लागल्याची बातमी जगभर गाजली. शहरात गोळा केलेल्या कॉफीच्या चोथ्यातून तेल काढून ते डिझेलच्या मिश्रणात वापरण्याचा हा प्रयोग ‘बायो-बीन’ या कंपनीने शेलच्या साह्याने केला होता. त्यानंतर सहा वर्षे लोटण्यापूर्वीच, २०२३ मध्ये ती कंपनी डबघाईला आली आणि तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. टाकाऊ पदार्थांतून ऊर्जा मिळविण्याच्या घोषणा आपल्याकडेही वारंवार होत असताना या अपयशाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

कल्पना चुकीची होती असे मुळीच नाही. कोरड्या चोथ्यात वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तेल असते आणि त्यापासून उत्तम बायोडिझेल बनते, हे अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिले होते. तेल काढल्यानंतर उरणारा भुसाही वाया जात नाही. त्याच्या गोळ्या किंवा कांड्या करून त्या लाकडाप्रमाणे जाळता येतात. उलट, हाच चोथा कचराभूमीत कुजत पडला तर त्यातून मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक तापमानवाढ करणारा वायू बाहेर पडतो. तेव्हा विज्ञानाची बाजू भक्कम आहे.

हिशेबाची बाजू मात्र तशी नाही. २०१७ च्या त्या प्रयोगासाठी ६,००० लिटर तेल तयार झाले होते. एका बसच्या वर्षभराच्या मिश्र इंधनाला तेवढे तेल पुरते आणि त्यासाठी सुमारे साडेपंचवीस लाख कप कॉफीचा चोथा लागतो, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजेच एक लिटर तेलामागे सव्वाचारशे कप. हे कप एका ठिकाणी रिकामे होत नाहीत. ते शेकडो कॅफे, कचेऱ्या आणि रेल्वेस्थानकांत विखुरलेले असतात. शिवाय ताज्या चोथ्याचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. म्हणजे गाडीतून वाहून न्यायचे ते बहुतांशी पाणी आणि कारखान्यात पोहोचल्यावर ते वाळविण्यासाठी पुन्हा ऊर्जा खर्चायची. एखादी कंपनी बुडण्यामागे अनेक कारणे असतात. पण या व्यवसायाचा पाया कोठे कच्चा आहे, हे एवढ्यावरून स्पष्ट होते.

हाच चोथा दुसरीकडे अनेक वर्षे गाजावाजा न करता इंधन म्हणून वापरला जात आहे. इन्स्टंट कॉफी बनविणाऱ्या कारखान्यांत एक किलो पूड तयार होताना सुमारे दोन किलो ओला चोथा मागे उरतो. तो तेथेच पिळून, वाळवून बॉयलरमध्ये जाळला जातो आणि त्या वाफेवर पुढची कॉफी बनते. नेस्लेच्या वीसहून अधिक कारखान्यांत ही पद्धत रुळलेली आहे. येथे गोळा करण्याचा खर्च नाही, वाहतूक नाही आणि गिऱ्हाईक शोधण्याची गरजही नाही. पदार्थ तोच, फरक केवळ तो कोठे निर्माण होतो आणि कोठे वापरला जातो, एवढाच.

धोरणाचा मुद्दाही येथेच येतो. ब्रिटनमध्ये कचराभूमीत टाकल्या जाणाऱ्या कचऱ्यावर १९९६ पासून टनामागे कर आहे. त्यामुळे चोथा वेगळा करून देण्यात कॅफेचालकाचा थोडाफार फायदा असतो. तेवढा आधार असूनही हा व्यवसाय तग धरू शकला नाही. जेथे कचरा टाकून देण्यास फारसे मोल पडत नाही, तेथे तर अशा स्वतंत्र प्रकल्पाचा सारा भार शेवटी सरकारी अनुदानावरच पडणार.

गोव्यापुरता विचार केल्यास, किनारपट्टीवरील हॉटेले आणि कॅफे यांच्या चोथ्यासाठी वेगळा कारखाना उभारण्याचा मोह टाळलेला बरा. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज तयार करीत आहे. प्रतिदिन शंभर टनांनी सुरू झालेली त्याची क्षमता पुढे अडीचशे टनांपर्यंत वाढविण्यात आली. बायोगॅससाठी चोथा वाळवावा लागत नाही. इतर ओल्या कचऱ्याबरोबर तो पचनटाकीत जाऊ शकतो. अट एकच : त्यात प्लॅस्टिकचे झाकण, कागदी पेला किंवा काचेचा तुकडा असता कामा नये.

ओला आणि सुका कचरा जागच्या जागी वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच घातले होते. त्या बंधनाची काटेकोर अंमलबजावणी ही काही बातम्यांत झळकणारी गोष्ट नव्हे. परंतु चोथ्यातील ऊर्जा हाती लागायची असेल, तर तिची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, हॉटेलच्या मागील दारी ठेवलेल्या दोन डब्यांपासून होते. लंडनची ती बस आपल्याला एवढे शिकवून गेली, तरी तिचा प्रवास वाया गेला असे म्हणता येणार नाही.