शाळेची फी आणि पावणेअकरा क्विंटल सोयाबीन

आज खत-फवारणी नाही, वहीतलं दुसरंच पान.

पोरगं पहिलीला आलं म्हणून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत चौकशी केली. फी २८ हजार, गाडी ९ हजार, पुस्तकं-ड्रेस-बूट ६ हजार. झाले ४३ हजार. ४ हजारांचा भाव धरला तर पावणेअकरा क्विंटल सोयाबीन. माझ्या रानात एकरी ७ पडतं. म्हणजे दीड एकराचं पीक, तेही बियाणं-मजुरी वजा न करता. आणि भरायचे जूनला, ऐन पेरणीत!

गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी. पण चार वर्गांना दोनच गुरुजी, हेही खरं.

मग शेजारची तिसरीतली दोन पोरं बसवली, एक इंग्रजी शाळेतलं, एक झेडपीचं. मराठीचं पान आणि हातच्याची वजाबाकी दिली. झेडपीचं पुढं निघालं. इंग्रजीवाल्याला कविता तोंडपाठ, अर्थ विचारला तर गप्प. आता एका झाडावरनं प्लॉटचा अंदाज कोण काढत नाही. पण न बघता पैसे भरणं म्हणजे माती न तपासता खत टाकणं.

खाजगीच पाहिजे असेल तर आधी आरटीईचा फॉर्म भरा. २००९ च्या कायद्याने विनाअनुदानित शाळेत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा राखीव आहेत. २०२४ ला सरकारने नियम बदलून यातून बऱ्याच शाळांना सूट दिली होती, ती हायकोर्टाने रद्द केली. दुर्बल घटकाला १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा. नंबर लॉटरीने लागतो. आणि फुकट आठवीपर्यंतच, नववीची फी आत्ताच डोक्यात धरा.

माझं मत स्पष्ट आहे. आपण पोरं काढली की पट घसरतो, पट घसरला की गुरुजी कमी होतात. मग मागं राहतात ती मजुरांची पोरं, त्यांना दुसरी शाळाच नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. सोसायटीच्या निवडणुकीला आपण रात्र जागतो, या समितीच्या बैठकीला किती जण जातो?

मी पोराला गावातच घातलंय. बैठकीला जातो, तिसरा गुरुजी मागतोय.

तुमच्या गावचा हिशोब काय? खाली लिहा.